तळीराम, नारद, रोडरोमिओ : पात्राचे नाव शब्द कसे होते?

अक्षरवेध (मूळ लेखन)

वर्तमानपत्रात ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा छापून येतो, तेव्हा तो समजण्यासाठी कोणाला शब्दकोश उघडावा लागत नाही. त्या शब्दापुढे खुलासा नसतो, आणि तो सहज वाचून पुढे जाणाऱ्या कितीतरी वाचकांनी राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक वाचलेलेही नसते आणि पाहिलेलेही नसते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातले एक दुय्यम पात्र शंभर वर्षांनंतर नाटकाचा हात सोडून भाषेत एकटे वावरते आहे, त्याचे अनेकवचन होते, त्याला विभक्तीचे प्रत्यय लागतात, आणि त्याचा अर्थ मात्र तसूभरही ढळलेला नाही. हे नेमके कसे घडते, हा प्रश्न बरेच दिवस मनात घोळत असल्यामुळे हा धागा काढतो आहे.

मला सर्वांत जास्त विचारात पाडणारी गोष्ट अशी, की तळीराम हा त्या नाटकाचा नायक नाही. दारूपायी ज्याचा संसार धुळीला मिळतो तो सुधाकर. सनद रद्द झाल्याच्या अपमानात पहिला प्याला घेणारा, मध्ये एकदा सुटण्याची धडपड करणारा, पुन्हा घसरणारा आणि अखेर पत्नी सिंधूला गमावून स्वतःही संपणारा सुधाकर प्रेक्षकांच्या काळजाला हात घालतो. तळीराम त्याच्या हातात तो प्याला देतो आणि आर्यमदिरामंडळात दारूची तरफदारी करत बसतो. तरीही मराठी माणूस व्यसनी मनुष्याला ‘सुधाकर’ म्हणत नाही, ‘तळीराम’ म्हणतो. मला वाटते, सुधाकराच्या आत दोन माणसे सतत झगडत असल्यामुळे त्याच्या नावाचा उच्चार होताच दोन्ही उभी राहतात, आणि बोलण्याच्या ओघात वापरायच्या शब्दाला एवढे ओझे पेलत नाही. तळीराम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसंध आहे. त्याचे नाव घेतले की एकच गोष्ट समोर येते, आणि शब्दाला तेवढेच हवे असते.

हाच नियम मानला तर एक अडचण लगेच समोर येते. डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेतला स्क्रूज हा तर पूर्ण बदलणारा माणूस आहे. एका रात्रीत त्याचे मन पालटते आणि कथेच्या शेवटी तो सढळ हाताने देणारा, मुलांवर माया करणारा गृहस्थ होतो. किंबहुना त्याने बदलावे हाच त्या कथेचा सगळा हेतू आहे. असे असूनही इंग्रजीत ‘स्क्रूज’ म्हणजे कवडीचुंबक, आणि एखाद्या उदार झालेल्या कंजूष माणसाला कोणी स्क्रूज म्हणत नाही. भाषेने त्या कथेची पहिली काही पाने ठेवून घेतली आणि शेवट परत केला.

आपल्याकडे कुंभकर्णाचे हेच झाले. लंकेवर संकट आल्यावर महाप्रयासाने जागा केलेला हा भाऊ रावणाला त्याच्या कृत्याबद्दल तोंडावर खडे बोल सुनावतो, आणि मग भावाची बाजू सोडता येत नाही म्हणून रणात उतरून मरतो. रामायणातल्या अत्यंत करुण व्यक्तिरेखांपैकी ही एक आहे असे मी मनापासून मानतो. भाषेने तिच्यातून फक्त झोप उचलली.

आणि नारद. लहानपणी एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात सांगितल्याबद्दल मला ‘कळलाव्या नारद’ म्हणत असत, आणि त्या नावाचा मी अनेक वर्षे मनातून राग करत असे. पुढे वाचनात आल्यावर कळले, की हा तर भक्तिसूत्रांशी ज्याचे नाव जोडलेले आहे असा देवर्षी, प्रल्हादाला आणि ध्रुवाला मार्ग दाखवणारा गुरू. त्याची वीणा, त्याची भक्ती, त्याचे ज्ञान हे सगळे शब्दाच्या बाहेर राहिले, आणि इकडची बातमी तिकडे नेण्याची एक खोड तेवढी शब्दाच्या आत आली.

तेव्हा माझे म्हणणे असे, की पात्राचे नाव शब्द होते ते त्या पात्राचा बहुतांश भाग विसरल्यामुळेच, आणि या विसरण्यात पात्रावर अन्याय होतो. आपल्याला काय वाटते, ते उदाहरणांसह वाचायला आवडेल.


मुक्तछंद

लेखन आवडले, पण ‘विसरणे’ या शब्दाशी माझा मतभेद आहे. केवळ एक गुण किंवा एक दोष सांगायचा असता तर भाषेजवळ विशेषणांची काय कमतरता होती? आळशी, लोभी, कपटी, भांडखोर, सगळे शब्द हाताशी असताना माणसे नावांकडे का वळतात, याचे उत्तर मला असे दिसते, की विशेषण नुसता स्वभाव सांगते आणि नाव त्या स्वभावासह एक आख्खा प्रसंग उचलून आणते.

‘झारीतील शुक्राचार्य’ घ्या. बळीराजा वामनाला दान देण्यासाठी हातावर पाणी सोडणार, तेवढ्यात शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसतात आणि पाणी अडते. मराठीत आपण हा शब्दप्रयोग करतो तो केवळ अडथळा आणणाऱ्या माणसासाठी करत नाही. अडवणारा आतला असला पाहिजे, तो बाहेरून दिसता कामा नये, देणाऱ्याची इच्छा असली पाहिजे आणि घेणाऱ्याचा हात पुढे झालेला असला पाहिजे, तरीही वस्तू मध्येच अडलेली असली पाहिजे. वरून योजना मंजूर होते आणि खाली कोणाच्याच हाती काही पडत नाही, तेव्हा हे दोन शब्द जे सांगतात ते सांगायला एरवी एक परिच्छेद लागेल. म्हणजे इथे कथा विसरलेली नाही, उलट कथेच्या प्रत्येक तपशिलाचा अर्थासाठी उपयोग झालेला आहे.

‘पूतनामावशी’ही तशीच. दुष्ट बाई एवढाच अर्थ असता तर राक्षसीण म्हटले असते. पूतनामावशीचे प्रेम म्हणजे जवळ घेऊन विष पाजणारे प्रेम. मूळ कथेत पूतना कृष्णाची मावशी नाही, ते नाते मराठीने जोडले, आणि त्या एका नात्यामुळे ढोंगी मायेचा सगळा अर्थ त्या शब्दात उतरला. शकुनी खरोखर कौरवांचा मामा होता. पण आपण ‘शकुनीमामा’ म्हणतो तेव्हा ते नाते माहितीसाठी सांगत नाही. घरातलाच, वडीलकीचा मान घेणारा आणि त्याच मानाच्या आडून घर बुडवणारा माणूस डोळ्यांसमोर यावा, म्हणून मामा म्हणतो.

अन्यायाबद्दल बोलायचे तर शुक्राचार्यांवर तो झाला आहे हे मला मान्य आहे. ते आपल्या शिष्याला सर्वनाशातून वाचवू पाहत होते, आणि त्यापायी त्यांनी एक डोळा गमावला. गुरूची ती तळमळ होती. मराठीने मात्र सहानुभूती पूर्णपणे याचकाच्या बाजूला नेऊन ठेवली.


जुनी वही

वरील दोन्ही मते वाचली. मी केवळ भाषेच्या घडणीच्या अंगाने काही निरीक्षणे मांडतो, कारण नाव खरोखर शब्द झाले आहे की अजून उपमाच आहे, हे ओळखण्याच्या खुणा व्याकरणात सापडतात.

‘तो नारदासारखा आहे’ असे म्हणताना नारद अजून व्यक्ती आहे. ‘तो नारद आहे’ असे म्हणताना ती व्यक्ती विरघळायला लागते. ‘आपल्यात नारद फार झाले’ असे म्हणेपर्यंत नाव पूर्णपणे सामान्यनाम झालेले असते. याशिवाय मराठीजवळ या कामासाठी घडीव साचे आहेत. ‘त्याचा देवदास झाला’, ‘तिथे त्याचा अभिमन्यू झाला’, ‘वाल्याचा वाल्मीकी झाला’ यांत षष्ठीचा प्रत्यय आणि ‘होणे’ हे क्रियापद मिळून एका माणसाला दुसऱ्या कथेत नेऊन बसवतात. ‘जमदग्नीचा अवतार’ हा दुसरा साचा. तिसरा समासाचा: भीष्मप्रतिज्ञा, भगीरथ प्रयत्न. या समासांत गंमत अशी, की माणूस मागे राहतो आणि त्याची एक कृती मोजमाप होऊन बसते. भगीरथ म्हणजे कोण हे सांगता न येणारा विद्यार्थीही ‘भगीरथ प्रयत्न’ योग्य ठिकाणी वापरतो.

नाव शब्दात किती खोल मुरू शकते याचे मला माहीत असलेले सर्वांत थक्क करणारे उदाहरण फ्रेंच भाषेतले आहे. कोल्ह्याला जुन्या फ्रेंचमध्ये ‘गुपी’ म्हणत. मध्ययुगात रनार नावाच्या धूर्त कोल्ह्याच्या पद्यकथा इतक्या लोकप्रिय झाल्या, की हळूहळू प्रत्येक कोल्हा ‘रनार’ झाला आणि मूळ शब्द प्रचारातून गेला. आज फ्रेंच भाषक प्राण्याचे साधे नाव म्हणून जो शब्द वापरतात, ते एका कथेतल्या पात्राचे विशेषनाम आहे. इथे नावाने स्वभावाचा शब्द होण्यावर न थांबता जुन्या शब्दाची जागाच घेतली.

आणखी एक. ‘मजनू’ हे नाव आपण प्रेमवेड्यासाठी वापरतो, पण कथेतल्या तरुणाचे नाव कैस असे आहे. मजनून हे त्याला लोकांनी दिलेले विशेषण, अरबीत त्याचा अर्थ झपाटलेला, वेडा. म्हणजे इथे आधी शब्द होता, त्याचे नाव झाले, आणि त्या नावाचा पुन्हा शब्द झाला.

‘मेंटर’ या शब्दाचेही सांगण्यासारखे आहे, कारण तो आता मराठी बोलण्यात सर्रास येतो. होमरच्या ‘ओडिसी’त मेंटॉर हा ओडिसियसचा वृद्ध मित्र आहे, आणि घर सांभाळण्याची जबाबदारी मिळूनही त्याच्याकडून फारसे काही साधत नाही. ओडिसियसचा मुलगा तेलेमाखस याला धीर देणारा आणि वाट दाखवणारा जो मेंटॉर दिसतो, ती त्याचे रूप घेतलेली अथेना देवी असते. पुढे फेनेलों या फ्रेंच लेखकाने १६९९ साली तेलेमाखसच्या प्रवासावर कादंबरी लिहिली, तिच्यात मेंटॉर हा उपदेश करणारा गुरू म्हणून सतत सोबत राहिला, आणि सल्लागार या अर्थाने हे नाव रूढ होण्यास मोठा हातभार लागला. श्रेय देवीचे आणि नाव त्या वृद्धाचे, असे हे झाले आहे.


दीपमाळ

एक नम्र शंका. शीर्षकात ‘पात्र’ म्हटले आहे आणि उदाहरणे रामायण, महाभारत आणि पुराणांतली आहेत. अनेकांसाठी नारद किंवा बिभीषण ही कल्पित पात्रे नाहीत. त्यांना तळीरामाच्या आणि स्क्रूजच्या रांगेत बसवणे योग्य आहे का?


अक्षरवेध

@दीपमाळ, आपली शंका रास्त आहे. मी ‘पात्र’ हा शब्द कथेत वावरणारी व्यक्ती एवढ्याच अर्थाने वापरला आहे, तिच्या अस्तित्वाबद्दल त्यात कोणतेही विधान नाही. नावाचा शब्द होताना भाषा ही चौकशी करतच नाही, म्हणूनच सूर्याजी पिसाळ हे इतिहासातले नाव आणि शकुनी हे महाभारतातले नाव तिने एकाच कामाला लावले आहे. आपण बिभीषणाचा उल्लेख केलात हे बरे झाले. जो श्लोक अश्वत्थामा, बळी, व्यास आणि हनुमान यांच्या बरोबरीने बिभीषणाला चिरंजीवांत गणतो, तो पाठ असलेली व्यक्तीही घरभेद्या माणसाला ‘बिभीषण’ म्हणते. श्रद्धेतला बिभीषण आणि शब्दातला बिभीषण एकाच तोंडात राहतात आणि एकमेकांना आड येत नाहीत, हे मला विलक्षण वाटते.


सायंतारा

आतापर्यंत पुरुषांचीच नावे जास्त आली आहेत, म्हणून स्त्रियांच्या नावांकडे लक्ष वेधते. स्वभाव सांगण्यासाठी मराठीने स्त्रीपात्रांची जी नावे घेतली ती आठवून पाहा: त्राटिका, पूतना, शूर्पणखा, हिडिंबा, मंथरा, कैकेयी एका बाजूला, आणि सीता, सावित्री दुसऱ्या बाजूला. पुरुषांच्या नावांत दानशूर कर्ण आहे, दृढनिश्चयी भीष्म आहे, जिद्दी एकलव्य आहे, रागीट दुर्वास आहे, झोपाळू कुंभकर्ण आहे. चांगल्या आणि वाईट स्वभावाच्या कितीतरी छटा आहेत. स्त्रियांसाठी एक तर भांडकुदळ, नाही तर पतिव्रता. मधली सगळी जागा रिकामी.

यातही मला सर्वांत जास्त खटकते ते सावित्रीचे. महाभारताच्या वनपर्वातली सावित्री स्वतः बाहेर पडून आपला वर निवडते, तो अल्पायुषी आहे हे कळल्यावरही निर्णय बदलत नाही, आणि यमाच्या मागोमाग चालत, बोलण्यातून त्याला प्रसन्न करत एकेक वर मिळवते. सासऱ्याची दृष्टी, त्याचे गेलेले राज्य, वडिलांना पुत्र, स्वतःला पुत्र, आणि शेवटचा वर पदरात पडल्यावर पतीचे प्राण परत देण्यावाचून यमाला गत्यंतर उरत नाही. बुद्धीच्या आणि वाणीच्या जोरावर मृत्यूला हरवणारी ही स्त्री आहे. ‘सती सावित्री’ या शब्दात ती बुद्धी कुठे आहे? मुकाट्याने सोसणाऱ्या बाईला आपण तिचे नाव देतो, जे तिच्या कथेच्या अगदी उलट आहे.

हिडिंबेचेही तसेच. भीमाची पत्नी, घटोत्कचाची आई, पती दूर असताना मुलाला वाढवणारी. शब्दात उरले ते केवळ तिचे थोराड शरीर, आणि तेही हिणवण्यासाठी.

त्राटिकेबद्दल एक उल्लेख करते. शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेत कजाग मानल्या गेलेल्या मुलीला ‘वळणावर आणण्याची’ कथा आहे. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी तिचे मराठी रूपांतर केले, तेव्हा नाटकाला नावच ‘त्राटिका’ दिले. रामाने मारलेल्या राक्षसिणीशी त्या कथानकाचा काडीचाही संबंध नाही. म्हणजे एकोणिसाव्या शतकातच हे नाव स्वतंत्र शब्द म्हणून इतके रुळले होते, की नुसत्या शीर्षकावरून नायिकेचा स्वभाव प्रेक्षकाला कळेल अशी खात्री रूपांतरकाराला होती.

धागाकर्त्यांनी म्हटलेला अन्याय पात्रावर होतो हे खरे आहे, पण तो तिथे थांबत नाही. हा शब्द ज्या जिवंत बाईला लावला जातो, तिचे म्हणणे ऐकण्याची गरजच त्यानंतर कोणाला वाटत नाही. ठामपणे बोलणारी बाई एकदा त्राटिका ठरली, की ती काय बोलत होती हा प्रश्न संपतो.


मुक्तछंद

@सायंतारा, आपला प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या म्हणण्यात एक दुरुस्ती करावीशी वाटते. नाव प्रसंग उचलून आणते असे मी लिहिले होते, पण सावित्रीच्या बाबतीत नावाने प्रसंग आणलेला नाही, प्रसंगावर समाजाने दिलेला निकाल आणला आहे. शुक्राचार्यांच्या शब्दात निदान झारी तरी शिल्लक आहे. सावित्रीच्या शब्दात यम उरलेला नाही, आणि यम काढून टाकला की सावित्रीजवळ दाखवण्यासारखे काहीच राहत नाही.


पानगळ

या चर्चेत एक वेगळा दुवा जोडतो. शब्द मूळ कृतीतून येतो असे आपण गृहीत धरतो आहोत. पुष्कळदा तो तिच्या नंतरच्या रूपांतरांतून येतो, आणि अर्थ बिघडण्याचे कारण तिथे सापडते.

अमेरिकेत ‘अंकल टॉम’ हे शब्द कृष्णवर्णीय समाजात फार जिव्हारी लागणारी शिवी म्हणून वापरले जातात. अर्थ असा, की गोऱ्या मालकांपुढे लाचार होऊन आपल्याच माणसांशी प्रतारणा करणारा. हॅरिएट बीचर स्टो यांची कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातला टॉम दुसऱ्या गुलाम स्त्रीला फटके मारण्याचा हुकूम धुडकावतो, पळून गेलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यास नकार देतो आणि त्यासाठी मार खाऊन मरतो. हा माणूस लाचार कसा ठरला? कादंबरीवर आधारलेले अनेक नाट्यप्रयोग पुढे कित्येक दशके गावोगाव होत राहिले, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांनी त्याला वाकलेला, आज्ञाधारक, करमणुकीचा म्हातारा करून टाकले. कादंबरीतल्या टॉममध्येही सोशिकपणा होता आणि त्यावर गंभीर टीका झालेली आहे, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की शब्द झाला तो पुस्तकातल्या टॉमचा झालेला नाही, रंगमंचावरच्या टॉमचा झाला आहे.

आपल्याकडे ‘विश्वामित्री पवित्रा’ हा शब्दप्रयोग चित्रावरून रूढ झाला. मेनका तान्ह्या शकुंतलेला पुढे करते आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवून हात आडवा धरतात, हे राजा रविवर्म्याचे चित्र छापील प्रतींमुळे घरोघर पोहोचले. जबाबदारी झटकणाऱ्याला आपण विश्वामित्री पवित्रा घेतला असे म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे येतो तो चित्रातला हात. नवी सृष्टी उभी करायला निघालेला, ब्रह्मर्षिपदासाठी आयुष्य झिजवणारा ऋषी त्या एका हातामागे झाकला गेला.

फ्रँकेन्स्टाइनचा घोटाळा तर प्रसिद्धच आहे. मेरी शेलींच्या १८१८ सालच्या कादंबरीत हे नाव निर्मात्याचे आहे, आणि त्याने घडवलेल्या प्राण्याला नावच नाही. राक्षसासाठी शब्द हवा होता, आणि जवळपास एकच नाव उपलब्ध होते, म्हणून लोकांनी ते त्याला देऊन टाकले. याच अर्थासाठी आपल्याजवळ ‘भस्मासुर’ आहे, आणि तो या घोटाळ्यातून सुटला, कारण वर देणाऱ्यावर उलटलेल्या असुराला त्याचे स्वतःचे नाव होते.

उलट दिशेचीही एक चूक होते. १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला मराठीत ‘शारदा कायदा’ म्हटले गेले, आणि देवलांच्या १८९९ सालच्या ‘शारदा’ नाटकाच्या नायिकेवरून हे नाव पडले असा पुष्कळांचा समज असतो. तो कायदा मांडणाऱ्या हरविलास सारडा यांचे ते आडनाव आहे. बाला-जरठ विवाहाविरुद्ध त्या नाटकाने लोकांचे मन इतके ढवळले होते, की आडनावातही त्यांना नायिकाच ऐकू आली.

राहता राहिला रोडरोमिओ. मरणापर्यंत एका मुलीशी एकनिष्ठ राहिलेल्या तरुणाचे नाव रस्त्यात मुलींची छेड काढणाऱ्यांना मिळावे, याचे मला खरोखर वाईट वाटते.


जुनी वही

@पानगळ, रोमिओबद्दल एक स्मरण करून देतो. नाटक सुरू होते तेव्हा रोमिओ रोझलाइन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी झुरत असतो, आणि ज्युलिएट दिसताक्षणी तिला साफ विसरतो. त्याच्या गुरूने त्याबद्दल त्याची कानउघाडणीही केली आहे. मुलींच्या मागे फिरणारा हा अर्थ सर्वस्वी निराधार नाही. ‘रोडरोमिओ’तला गुन्हेगारीचा भाग मात्र आपणच त्याच्या माथी मारला आहे, हे खरे.


वाळूचे घड्याळ

मी रशियन आणि चिनी साहित्य भाषांतरांतून वाचत आलो आहे, त्यामुळे तिकडची दोन उदाहरणे देतो, कारण त्यांनी मूळ लेखातला ‘एकसंध पात्रच शब्द होते’ हा नियम थोडा सैल करावा लागेल.

गोंचारोव यांच्या १८५९ सालच्या कादंबरीचा नायक ओब्लोमोव हा सज्जन, मायाळू, बुद्धिमान जमीनदार आहे, आणि कादंबरीचा पहिला भाग जवळजवळ सगळा तो अंथरुणातून उठण्याचा विचार करण्यात घालवतो. रशियनमध्ये त्याच्यावरून ‘ओब्लोमोवश्चिना’ असा शब्द झाला. विशेष म्हणजे तो समीक्षकांनी किंवा वाचकांनी घडवलेला नाही. कादंबरीतच त्याचा मित्र श्टोल्त्स त्याच्या जगण्याला हे नाव देतो, आणि त्याच वर्षी समीक्षक दोब्रोल्यूबोव यांनी त्या शब्दावर गाजलेला निबंध लिहून त्याला साऱ्या समाजाच्या रोगाचे नाव केले. हा शब्द आळस सांगत नाही. सगळे समजत असूनही हालचाल न करण्याची, उद्यावर टाकण्यातच आयुष्य विरघळून जाण्याची ती अवस्था आहे. ‘कुंभकर्ण’ म्हणून तिच्या जवळपासही जाता येत नाही.

चिनी लेखक लू शुन यांचा आ क्यू १९२१ ते १९२२ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कथेतला. गावातल्या या निराधार मजुराला कोणीही बदडावे, आणि त्याने मनात म्हणावे, की पोराने बापावर हात टाकावा तसे हे झाले. म्हणजे बाप मीच, आणि मग समाधानाने निघून जावे. प्रत्येक पराभवाला मनातल्या मनात विजय करून घेण्याच्या या वृत्तीला चिनी भाषेत आ क्यूचेच नाव मिळाले. मराठीत या वृत्तीची माणसे भरपूर आहेत, तिच्यासाठी एका नावाचा शब्द मात्र मला सापडलेला नाही, आणि ही कथा वाचल्यापासून ती उणीव मला जाणवत राहते.

एकच पात्र वेगवेगळ्या भाषांत वेगळे होते, हेही नोंदवतो. सेर्वांतेसच्या डॉन किहोतेवरून इंग्रजीत झालेले विशेषण अव्यवहारी, हवेतल्या कल्पनांमागे धावणारा असा सूर लावते. स्पॅनिशमध्ये ‘किहोते’ म्हणजे स्वतःच्या लाभापेक्षा आदर्श मोठा मानणारा आणि न्याय्य वाटणाऱ्या गोष्टीसाठी निःस्वार्थपणे झटणारा मनुष्य, असाही अर्थ आहे. ज्यांच्या घरचा तो होता त्यांनी त्याच्या वेडाबरोबर त्याचे मोठेपणही शब्दात ठेवले.


सायंतारा

@वाळूचे घड्याळ, आ क्यूबद्दल लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. याच ओघात शेक्सपिअरच्या नाटकातल्या शायलॉक या ज्यू सावकाराचाही उल्लेख व्हावा असे वाटते. निर्दय सावकार या अर्थाने ते नाव इंग्रजीत दीर्घकाळ वापरले गेले, आणि त्याबरोबर ज्यू समाजाविषयीचा जुना द्वेषही शब्दात बसून आला. म्हणून आज जाणती माणसे तो शब्द टाळतात. एखादे नाव स्वभावासाठी वापरताना त्या पात्राची जात, धर्म किंवा शरीर हेही स्वभावाच्या व्याख्येत सामील होते आहे का, हे आपण प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. ‘शिखंडी’ हे नाव ज्या तऱ्हेने हिणवण्यासाठी फेकले जाते, त्याला मी याच कारणासाठी विरोध करते.


दीपमाळ

आधुनिक मराठी साहित्यातून तळीरामानंतर कोण शब्द झाले? मला ‘तो मी नव्हेच’ या १९६२ सालच्या नाटकातला लखोबा लोखंडे आठवतो. नावे बदलून अनेक बायकांना फसवणारा कोणी पकडला गेला, की बातमीत त्याला हमखास लखोबा म्हटले जाते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला पुस्तकी भाषा बोलणारा सखाराम गटणेही बोलण्यात येतो. पण ही नावे तळीरामाइतकी रुजली आहेत का?


अक्षरवेध

@दीपमाळ, जुनी वही यांनी सांगितलेली व्याकरणाची कसोटी लावली तर लखोबा उत्तीर्ण होतो. गटणे मला अजून उंबरठ्यावर दिसतो. ‘अगदी गटणे आहे तो’ हे वाक्य ज्याने ते पुस्तक वाचलेले नाही त्याला कळत नाही, आणि वाचलेल्या दोघांत ते उच्चारले गेले की त्यात ओळखीची एक ऊब असते. नाव पूर्णपणे शब्द झाले की ती ऊब जाते. तळीराम म्हणताना आज कोणाला गडकऱ्यांची आठवण येत नाही. त्यामुळे गटणे उंबरठ्यावरच राहिला तर मला त्याचे दुःख होणार नाही.

वाळूचे घड्याळ यांच्या ओब्लोमोवने माझा नियम मोडला, हे मान्य करतो. तो एकसंध नाही, आणि तरी शब्द झाला. फरक कदाचित असा असेल, की सुधाकराचा झगडा दिसत राहतो आणि ओब्लोमोवचा झगडाच थांबलेला असतो, म्हणून त्या थांबण्याला नाव देता आले.

‘विसरणे’ या शब्दावर मुक्तछंद यांनी घेतलेला आक्षेप मात्र मी अर्धाच स्वीकारतो, आणि त्याचे कारण पुन्हा नारदच आहे. मराठीत कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला ‘नारदाची गादी’ म्हणतात, आणि कीर्तनाच्या एका परंपरेचे नावच नारदीय आहे. ज्या भाषेने त्याला कळलाव्या ठरवले, तिनेच दुसऱ्या एका शब्दात त्याची वीणा आणि भक्ती जपून ठेवली आहे. कुंभकर्णासाठी असा दुसरा शब्द मी बराच शोधला. रावणाला खडे बोल सुनावून त्याच्याच बाजूने मरायला निघालेल्या भावाचे स्मरण ठेवणारा एखादा वाक्प्रचार, म्हण किंवा ओवीतला उल्लेख कोणाला माहीत असेल, तर तो इथे अवश्य लिहावा.